टाकीचं विरजण

सोनखळी नावाच्या गावात म्हाळू नावाचा एक भोळा माणूस राहत होता. तसे गावात भोळे आणखीही होते, पण ते पंचायतीत निवडून आल्यामुळे त्यांना कुणी भोळं म्हणत नसे.

म्हाळूचं घर उताराला, गावाच्या अगदी टोकाला होतं. सगळ्या गावाच्या मोऱ्यांचं, धुण्याभांड्यांचं, गोठ्यांचं पाणी उतारानं वाहत यायचं आणि म्हाळूच्या दारात येऊन थांबायचं. पुढं जायला त्याला जागा नव्हती. कुणाच्या घरी काय कालवण झालं आणि कोण कुठल्या साबणानं न्हालं, हे म्हाळूच्या बायकोला दारात बसल्याबसल्या कळायचं. तिचं नाव हौसा. पण या माहितीची तिला हौस नव्हती.

हौसा दरवर्षी सरपंचांकडे जायची. सरपंच म्हणजे रंगरावतात्या. ते दरवर्षी म्हणायचे, "बघू." तात्यांचं बघू गावात प्रसिद्ध होतं. त्यांनी आजवर पुष्कळ गोष्टी बघितल्या होत्या, आणि त्या सगळ्या होत्या तिथंच होत्या.

एकदा हौसानं दारात बाजेवर कुरडया वाळत घातल्या. वाऱ्यानं बाज कलंडली आणि कुरडया गटारात गेल्या. हौसा तडक घरात गेली. तिनं लुगडी बोचक्यात बांधली आणि भावाच्या गावाला, भोकरडीला निघाली. निघताना म्हणाली, "अवं, ज्या दिवशी दारातलं गटार आटंल, त्या दिवशी सांगावा धाडा. तवर माझी वाट बघू नगा."

म्हाळूला फार वाईट वाटलं. बायकोवर त्याचा जीव होता. तेव्हापासून तो भोकरडीच्या वाटेकडं पाठ करून बसायला लागला. वाट बघू नका, असं तिनं बजावलं होतं ना.

मग एका वर्षी तालुक्यात निर्मळ गावाची स्पर्धा निघाली. पहिल्या येणाऱ्या सरपंचाचा फोटो छापून येणार होता. तात्यांना त्याच आठवड्यात गावचं सांडपाणी दिसलं. गावाबाहेर, तात्यांच्याच रानात, तात्यांच्या नव्या बंगल्याच्या वरच्या अंगाला ओळीनं तीन टाक्या झाल्या. चावडीपुढं एक चेंबर बांधला, गावाचं सगळं पाणी त्यात गोळा केलं आणि तिथून पाइप टाकून टाक्यांकडं नेलं. पहिल्या टाकीत गाळ बसायचा, दुसरीत पाणी शुद्ध व्हायचं, तिसरीत ते साठायचं आणि तिथून तात्यांच्या डाळिंबांना जायचं. गावासाठी तात्या एवढी तोशीस सोसायला तयार झाले होते.

आता टाक्यांवर माणूस हवा होता. घाणीचं काम म्हणून कुणी पुढं येईना.

"सांगितलेलं ऐकणारा माणूस पायजे," तात्या म्हणाले. "डोकं चालवणारा नको."

म्हाळू पुढं झाला. "तात्या, टाक्या सुरू झाल्या म्हंजे माझ्या दारातलं गटार आटंल का?"

"आटंल की."

"मग म्या करतो."

टाक्या बांधून घेणाऱ्या शेजवळ मॅडम जीपमधून आल्या. त्यांनी म्हाळूला मधल्या टाकीपाशी नेलं.

"हे बघा म्हाळूभाऊ, यात डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव वाढवायचे असतात. पाणी तेच स्वच्छ करतात. म्हणून आधी टाकीला विरजण लावा."

"इरजण?"

"हो. एकदा विरजण लागलं की काम झालं. मनाशी खूणगाठ बांधा."

मॅडमना पुढच्या गावाला जायचं होतं. जीप गेली. म्हाळूनं मनाला गाठ बांधायचा पुष्कळ प्रयत्न केला. मन काही हाताला लागेना. शेवटी त्यानं खांद्यावरच्या पंच्याच्या टोकाला गाठ मारली आणि कामाला लागला.

विरजण कसं लावतात हे त्यानं हौसाला करताना पाहिलं होतं. वाटीभर दुधाला चमचाभर लागतं, मग एवढ्या टाकीला किती, असा हिशोब करून तो घरोघर फिरला. गावाच्या कामाला नाही कशाला म्हणायचं, म्हणून प्रत्येकीनं घरातलं होतं नव्हतं तेवढं दही दिलं. तात्यांच्या मंडळी वत्सलाकाकू, त्यांनी तर भांडं निपटून दिलं. म्हाळूनं सगळं टाकीत ओतलं. दूध कोमट लागतं, म्हणून टाकीभोवती गोवऱ्या पेटवल्या. वर गोधड्या पांघरल्या. टाकीत हवा सोडणारं एक मशीन होतं, ते पाणी सारखं घुसळत होतं. हलवलेलं दही लागत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हाळूनं मशीन बंद केलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, "जरा दमानं चाला. मोडंल."

दुसऱ्या दिवशी गावाला वास आला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावाला आला. मग मॅडम आल्या, नाकाला रुमाल लावून.

"हे काय करून ठेवलंत?"

"अजून लागलं न्हाई," म्हाळू गोधडीचं टोक उचलून म्हणाला. "हवा गार हाय."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. मग एकेक शब्द सावकाश म्हणाल्या, "अहो, दह्याचं विरजण नाही. दुसऱ्या गावच्या चालू टाकीतला गाळ आणायचा आणि तो इथं ओतायचा. त्याला आम्ही विरजण म्हणतो. विरजण म्हणजे गाळ. आणि ते मशीन बंद करायचं नाही. कळलं?"

"कळलं. इरजण म्हंजे गाळ."

म्हाळूनं पंच्याला दुसरी गाठ मारली.

भोकरडीला तसलीच टाकी होती आणि ती चालू होती. तिथल्या सरपंचांना फोटोची हौस नसावी. म्हाळू दुधाची मोठी किटली घेऊन भोकरडीला गेला. टाकीवरच्या माणसानं किटलीभर काळा गाळ काढून दिला. म्हाळू मेव्हण्याच्या दारावरून गेला तेव्हा हौसा ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"आटलं का?" तिनं विचारलं.

"आटंल आता. टाकीला इरजण लावायचंय तेवढं."

"लावा मग," हौसा म्हणाली आणि खाली बघून हसली. म्हाळूला किटली हलकी वाटायला लागली.

परतीच्या वाटेवर तात्यांचा बंगला लागतो. बंगल्यात त्या दिवशी गडबड होती. तात्यांच्या मुलीचा साखरपुडा दोन दिवसांवर आला होता आणि पंगतीला श्रीखंड करायचं ठरलं होतं. चुलीवरून मोठं पातेलं उतरवून दूध कोमट व्हायला ओसरीवर ठेवलं होतं. वत्सलाकाकू पीठ मळता मळता खिडकीतून ओरडल्या, "म्हाळू, भोकरडीहून आलास ना? विरजण आणलंस का रे? गावात कुणाकडं थेंब नाही, सगळं तू टाकीत घातलंस."

"आणलंय की काकू. किटलीभर हाय."

"किटलीभर कशाला? थोडंसं घाल पातेल्यात. माझे हात पिठाचे आहेत."

म्हाळूनं पंच्याची दुसरी गाठ चाचपली. इरजण म्हंजे गाळ. त्यानं किटलीचं झाकण काढलं. काकूंनी मागच्या खेपेला त्याला हात राखून दिलं नव्हतं. त्यानंही हात राखला नाही. मग पातेल्यावर झाकण ठेवलं, वर टॉवेल गुंडाळला आणि बजावलं, "हलवू नगा, काकू."

काकूंनी नाही हलवलं. सकाळी झाकण काढल्यावर पहिल्यांदा मांजर घराबाहेर गेलं, मग काकू गेल्या, मग तात्या गेले. साखरपुड्याला व्याह्यांना साखरेचा शिरा वाढला आणि श्रीखंड आम्ही शुभकार्यात वर्ज्य मानतो, असा एक घराण्याचा रिवाज तात्यांनी उभ्या उभ्या तयार केला.

व्याही गेल्यावर तात्यांनी म्हाळूला बोलावलं. "गाढवा, माणसाच्या जेवणात घाण घालतात का?"

"मॅडम म्हणल्या इरजण म्हंजे..."

"मॅडम ऱ्हाऊ दे. मी सांगतो ते ऐक. जिथं कोण जेवत असंल तिथं घाण फिरकता कामा नये. एकवेळ पाइप बुजव, पर जेवणाऱ्याजवळ घाण जाऊ देऊ नको. बांध खूणगाठ."

तिसरी गाठ बसली.

किटलीत उरलेला गाळ म्हाळूनं टाकीत ओतला. मशीन चालू ठेवलं. आणि खरोखरच टाकीचा वास कमी झाला. चावडीपुढून पाणी पाइपातून टाकीकडं जायला लागलं आणि म्हाळूच्या दारातलं गटार कडेकडेनं सुकायला लागलं. रोज सकाळी म्हाळू उठायचा आणि काठीनं चिखल टोचून बघायचा. एवढ्यात मॅडम आल्या. पाणी बघून खूश झाल्या.

"शाबास. जीव जोमानं जेवायला लागलेत बघा."

म्हाळू दचकला. "कोण जेवतंय?"

"हे टाकीतले जीव. रात्रंदिवस जेवतात."

जीप गेली आणि म्हाळू तिसऱ्या गाठीकडं बघत बसला. इथं बिचारे जीव जेवताहेत आणि गावाची घाण त्यांच्या पंगतीत येऊन पडतेय, आणि हे सगळं आपल्या देखरेखीखाली. त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं गोणपाटाचे बोळे केले, दगड आणले आणि पाइपाचं तोंड गच्च बुजवून टाकलं. मग घरच्या माठातल्या पाण्याच्या दोन कळशा टाकीत ओतल्या. जेवणाऱ्याला पाणी लागतंच.

पाइप बुजला म्हणून गाव न्हायचं थांबलं नाही. पाणी चावडीपुढच्या चेंबरमधून वर आलं. आत ग्रामसभा चालली होती आणि तात्या गावाच्या निर्मळतेवर बोलत होते. सभासदांनी आधी चपला उचलल्या, मग पाय उचलले. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच सगळ्या सभासदांनी एका वेळी एकच गोष्ट केली. चावडी भिजवून झाल्यावर पाणी नेहमीच्या वाटेनं उतारावर गेलं आणि म्हाळूच्या दारात जाऊन थांबलं.

दार पुन्हा भरलेलं बघून म्हाळू उंबऱ्यावर बसला आणि रडला. आपलं काय चुकलं ते त्याला कळेना. सांगितलेलं सगळं तर केलं होतं.

मॅडमनी पाइप मोकळा करून घेतला. "म्हाळूभाऊ, घाण हेच त्यांचं जेवण आहे. घाण मिळाली नाही तर ते मरतील. स्वच्छ पाण्यावर ते जगत नाहीत. जेवणाऱ्याला घाण घालायची. एवढं लक्षात ठेवा."

म्हाळूनं चौथी गाठ मारली. जवळ उभ्या असलेल्या तात्यांनी ती बघितली आणि बोटांवर दिवस मोजले. कारण स्पर्धेची समिती यायची होती आणि समिती जेवणार होती.

तात्या हुशार होते. त्यांनी म्हाळूला बाजूला घेतलं. "हे बघ, समितीचं जेवण बंगल्यात हाय. तू बंगल्याकडं फिरकायचं न्हाई. भांड्याला हात लावायचा न्हाई. कुणाला पाणी द्यायचं न्हाई. तू आपला टाकीपाशी उभा ऱ्हा."

"जी."

धोका टळला. तात्यांना रात्री छान झोप लागली.

आता एकच अडचण होती. दह्यापासून बोळ्यांपर्यंत सगळे उपचार झाल्यामुळं तिसऱ्या टाकीतलं पाणी अजून चहासारखं होतं. थोडी कळ काढली असती तर ते नितळ झालं असतं, असं मॅडम म्हणत होत्या. पण समिती काही जिवांच्या सोयीनं येत नसते. तात्यांनी युक्ती काढली. तिसरी टाकी उपसून रिकामी करायची आणि समिती यायच्या आत विहिरीच्या पाण्याचा एक टँकर तिच्यात रिकामा करायचा. पाणी कसं काचेसारखं दिसेल.

"टँकर सांगितलाय," तात्या म्हाळूला म्हणाले. "मी फोन केला की टँकर टाकीत सोड. जमंल ना?"

"टँकर टाकीत सोडायचा," म्हाळू म्हणाला. गाठ मारायला पंच्याच्या त्या टोकाला जागा उरली नव्हती, म्हणून त्यानं दुसऱ्या टोकाला मारली.

समितीचा दिवस उजाडला. म्हाळूनं सकाळी दार बघितलं. चिखलाला भेगा पडल्या होत्या. गटार आटलं होतं. त्यानं दूधवाल्याबरोबर भोकरडीला सांगावा धाडला आणि कामावर आला. टँकर तिसऱ्या टाकीच्या वरच्या चढावर आणून ट्रॅक्टरपासून सोडवून उभा केला होता. चाकाखाली दगड होता. टँकरवर मोठ्या अक्षरांत 'पिण्याचे पाणी' असं लिहिलेलं होतं. समितीबरोबर ड्रायव्हरचीही पंगत असल्याचं कळल्यामुळं ड्रायव्हर बंगल्यात जाऊन बसला होता.

फोन वाजला.

"मंडळी जेवून उठली," तात्या दबक्या आवाजात म्हणाले. "तिकडंच निघालोय. सोड टँकर."

"टाकीत?"

"मग काय माझ्या डोक्यात सोडतोस?"

"न्हाई, टाकीतच. अख्खा सोडू?"

"अख्खा. जरासुदिक मागं ठेवू नको."

"ड्रायव्हरला इचारू का?"

"त्याला कशाला इचारतोस? त्याचा काय संबंध?"

म्हाळूला चौथी गाठ आठवली. "पर तात्या, जिवांना स्वच्छ पाणी सोसत न्हाई."

"जीव गेले खड्ड्यात. तू टँकर सोड." फोन बंद झाला.

जीव खड्ड्यातच होते, ते आणखी कुठं जाणार, हे म्हाळूला कळलं नाही. त्यानं टँकरला एक फेरी मारली. टँकर बाहेरून चांगलाच मळलेला होता. चाकांना शेण होतं, मडगार्डाला चिखल होता. म्हणजे जिवांच्या जेवणाची सोय होती. म्हाळूचं मन शांत झालं.

तेवढ्यात समिती आली. पुढं मोठे साहेब, मागं दोन साहेब, त्यांच्या मागं फोटोवाला. साहेब पोटावरून हात फिरवत होते. तात्यांनी पाठ टाकीकडं करून भाषण सुरू केलं. "साहेब, या टाकीतलं पाणी म्हणजे आमच्या गावाचं मन. जवळ येऊन बघा. असं पाणी तुम्ही कुठं..."

म्हाळूनं दगड काढला.

टँकर आधी थोडा विचार करत उभा राहिला. मग निघाला. चढावरून तो सरळ, शिस्तीत, कुणालाही धक्का न लावता खाली आला. साहेब आपणहून बाजूला झाले, आणि पोट भरलेलं असूनही फार चपळाईनं झाले. टँकर तिसऱ्या टाकीत शिरला. बंगल्याच्या बाजूची भिंत फोडून अर्धा बाहेर आला आणि तिथं बसला. तळाचा उरलेला गाळ वर उडाला आणि समितीच्या पांढऱ्या कपड्यांवर सारखा वाटला गेला. 'पिण्याचे' एवढी अक्षरं भिंतीबाहेर राहिली.

फोटोवाल्यानं सवयीनं फोटो काढला.

"सोडला, तात्या," म्हाळू म्हणाला. "अख्खा. जरासुदिक मागं ठेवला न्हाई."

मोठ्या साहेबांनी चष्मा पुसला. "हा टँकर इथं कशाला आणला होता?"

तात्यांनी तोंड उघडलं. पण मोठ्या माणसानं विचारलं की उत्तर द्यायचं, हे म्हाळूला आईनं शिकवलं होतं. "पाणी स्वच्छ दिसावं म्हणून, साहेब. तुमी आला न्हाई तर टँकर लागत न्हाई. आमचं आम्हाला घाणच चालतं."

एवढ्या थोडक्यात प्रकल्पाची माहिती समितीला आजवर कुणी दिली नव्हती. साहेबांनी ती जशीच्या तशी लिहून घेतली. फोटो छापून आला. त्यात टँकर होता, तात्या होते आणि दोघांचीही तोंडं टाकीकडं होती. निर्मळ गावाच्या बक्षिसावर तात्यांना पाणी सोडावं लागलं. तेही टँकरभर.

भिंत फुटली होती, पण पाइप शाबूत होता. गाव न्हात होतं, भांडी घासत होतं, आणि ते सगळं पाणी पाइपातून टाक्यांत येऊन, फुटक्या भिंतीतून, डाळिंबांमधून वाट काढत तात्यांच्या बंगल्याच्या दारात येऊन थांबत होतं. पुढं जायला त्याला जागा नव्हती. वत्सलाकाकूंना आता दारात बसल्याबसल्या सगळ्या गावाची कालवणं कळायला लागली. आठवडाभर त्यांनी सोसलं. मग बॅग भरली. जाताना म्हणाल्या, "ज्या दिवशी दारातलं गटार आटेल, त्या दिवशी निरोप पाठवा. तोवर माझी वाट बघू नका."

या खेपेला तात्या 'बघू' म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी गवंडी आले. तिसऱ्या दिवशी सिमेंट आलं. मॅडमची जीप रोज यायला लागली. म्हाळूच्या दारात जे काम इतकी वर्षं होत नव्हतं, ते तात्यांच्या दारात आल्याबरोबर किती सोपं आहे, हे गावाला पहिल्यांदाच कळलं. टाक्या पुन्हा उभ्या राहिल्या, आधीपेक्षा मजबूत. म्हाळूला काढून टाकावं असं तात्यांच्या फार मनात होतं, पण दुसरं कुणी त्या कामाला तयार नव्हतं.

हौसा मात्र सांगावा मिळाल्यावर समितीच्याच दिवशी संध्याकाळी आली होती. म्हाळू दारात बसला होता, भोकरडीच्या वाटेकडं पाठ करून.

"अवं," ती मागून म्हणाली, "इकडं बघा की."

"बघता येत न्हाई. बायकोनं वाट बघू नगा म्हणून सांगितलंय."

हौसानं बोचकं खाली ठेवलं आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. मग तिनं दाराकडं बघितलं. कोरडं होतं. ती दोन-तीन वेळा त्या जागेवरून चालून आली. नंतर तिनं पदर डोळ्याला लावला. म्हाळू बसल्या जागी बसून राहिला. त्याला कुणी ऊठ म्हणून सांगितलं नव्हतं.

बंगल्याकडचं काम चाललं होतं तेवढे दिवस हौसानं घर सारवलं, अंगण सारवलं, नव्या कुरडया घातल्या. टाक्या तयार झाल्या त्या दिवशी तिचं लक्ष म्हाळूच्या खांद्याकडं गेलं.

"ह्या पंच्याला काय झालंय? सगळा गाठीच गाठी. वास तर बघा."

"ते माझं शहाणपण हाय."

"असंल. आधी गाठी सोडा आणि पंचा धुवायला टाका."

हौसानं सांगितलं म्हणजे प्रश्नच नव्हता. म्हाळूनं एकेक गाठ सोडली. हौसानं पंचा चावडीजवळच्या नळावर नेला, साबण लावला, धोपटण्यानं चांगला बडवला आणि खळबळून पिळला. काळं पाणी चावडीपुढच्या चेंबरमध्ये गेलं आणि तिथून पाइपातून टाकीत. टाकीत जे चार जीव उरले असतील, त्यांनी म्हाळूचं सगळं शहाणपण खाऊन टाकलं.

सकाळी मॅडमची जीप दारात थांबली. "म्हाळूभाऊ, टाक्या नव्यानं सुरू करायच्यात. काय करायचं ते आता तुम्हाला सांगायला नको. विरजण लावा." आणि जीप पुढच्या गावाला गेली.

म्हाळूनं खांद्यावर हात नेला. पंचा पांढराशुभ्र होता, कुठंही गाठ नव्हती. तो थोडा वेळ विचार करत उभा राहिला. मग आत डोकावून म्हणाला, "हौसा, घरात दही किती हाय?"